म्हैस पारखतो, तसा शेअर पारखू या

कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेतात खुरपत असाल, कुणी दुकान उघडून बसला असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आपण शेअरबद्दल बोलणार आहोत. त्यातही आयटीच्या, चिपच्या, एआयच्या, म्हणजे एकूण तंत्रज्ञानाच्या कंपन्यांच्या शेअरबद्दल.

हा विषय आमच्या गटांच्या बैठकांतूनच आला. पूर्वी बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, की बोलणं निघायचं शेळीच्या विम्याचं, पापडाच्या ऑर्डरचं, बँकेतल्या साहेबांचं. आता कुणीतरी मोबाईल पुढे करते आणि विचारते, "ताई, हा एआयचा शेअर वर्षात दुप्पट झाला म्हणतात. आपण का मागे राहायचं?" कुणाचा मुलगा पुण्याला हिंजवडीत नोकरी करतो, तो सांगतो. कुणाच्या भाच्याने डिमॅट खातं उघडून दिलंय. आणि एकदोन ठिकाणी तर असंही विचारलं गेलं, की गटाची बचत बँकेत पडून आहे, तीच तिकडे लावली तर?

प्रश्न रास्त आहे. शेअर म्हणजे पुरुषांची आणि शहरातल्यांची गोष्ट, आपण फक्त सोनं आणि भिशी, असं आम्ही म्हणणार नाही. पण एक सांगून ठेवतो. अमुक शेअर घ्या, तमुक विका, हे आम्ही सांगणार नाही. तसा सल्ला द्यायला सेबीकडे नोंदणी लागते. आम्ही गटांच्या वह्या तपासणाऱ्या बाया. आम्ही एवढंच सांगू, की पारख कशी करायची.

सगळ्यात आधी विचारू, पैसे कुणाचे?

पैसे तीन तऱ्हेचे असतात. एक गटाचे, एक कर्जाचे, एक आपले स्वतःचे.

गटाची बचत ही दहा-पंधरा जणींची असते. कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या बियाण्याला ती ऐनवेळी लागते. ती अंतर्गत कर्जासाठी आहे, बाजारासाठी नाही. इथे एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. गुजरातेत माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक होती. लोकांच्या ठेवींवर चालणारी. तिने केतन पारेख या मुंबईच्या दलालाला मोठमोठी कर्जं दिली. तो आयटी, टेलिकॉम आणि करमणूक क्षेत्रातले मोजके शेअर चढवत होता. २००० साली अमेरिकेत तंत्रज्ञानाचे शेअर घसरायला लागले, मग इथलेही कोसळले. २००१ मध्ये बँकेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या. शेवटी २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवानाच रद्द केला. ठेवीदारांनी एकही शेअर घेतला नव्हता. त्यांचे पैसे दुसऱ्याने, त्यांना न विचारता, त्या वाटेला नेले. म्हणून गटाच्या पैशाबद्दल आमचं उत्तर एका शब्दात आहे. नाही.

दुसरे कर्जाचे पैसे. शेळीच्या नावाने कर्ज उचलायचं आणि शेअरमध्ये घालायचं, असा विचार कुणाच्या मनात येत असेल, तर आधी आकडेमोड करा. गटाचं व्याज शेकडा दोन रुपये महिना असेल, तर वर्षाला झाले चोवीस टक्के. म्हणजे शेअर वर्षात चोवीस टक्के वाढला तरी हातात शून्य. आणि खाली आला, तर शेअर गेला आणि हप्ता डोक्यावर राहिला.

उरले आपले स्वतःचे. त्यातूनही आधी आजारपणाला, शाळेच्या फीला लागणारे पैसे बाजूला ठेवा. निदान तीनचार महिन्यांचा घरखर्च बँकेत हवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत आहे, जीवन ज्योती विमा ४३६ रुपयांत. ते आधी. एवढं करून जे उरेल, आणि पाच-सात वर्षं लागणार नाही, तेवढ्याच पैशाचं पुढचं बोलणं आहे.

आता तंत्रज्ञानाची कंपनी म्हणजे काय, ते बघू. सगळ्या एकाच माळेचे मणी नाहीत.

पहिल्या आहेत सेवा देणाऱ्या. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो, एचसीएल. त्या परदेशातल्या बँका, विमा कंपन्या, दुकानं यांची संगणकाची कामं करतात आणि डॉलरमध्ये पैसे घेतात. दुसऱ्या आहेत चिपवाल्या. चिप म्हणजे मोबाईलचं, संगणकाचं काळीज. एनव्हिडिया ही अमेरिकी कंपनी चिपचा आराखडा करते, ती तयार होते तैवानमध्ये टीएसएमसीच्या कारखान्यात, आणि ती बनवायला लागणारं सर्वांत प्रगत यंत्र जगात एकच कंपनी तयार करते, नेदरलँड्समधली एएसएमएल. आपल्याकडेही गुजरातेत धोलेरा इथे टाटांच्या चिप कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. तिसऱ्या आहेत मोबाईलवरून धंदा करणाऱ्या. किराणा दुकानात पैसे जमा झाले की आवाज देणारी डबी आठवा, तसल्या.

आता या कंपन्यांना वारं कुठून कुठून लागतं, ते ऐका. आपल्या डाळिंबाचा भाव फक्त आपल्या शेतावर ठरत नाही. निर्यात चालू की बंद, बाहेर मागणी किती, यावर ठरतो. तसंच इथे आहे.

पहिलं वारं डॉलरचं. डॉलर ८० रुपयांवरून ८५ वर गेला, तर तेवढ्याच कामाचे कंपनीला डॉलरमागे पाच रुपये जास्त मिळतात. पण तिकडच्या गिऱ्हाईकाने कामच कमी दिलं, तर भाव वाढून उपयोग काय?

दुसरं वारं अमेरिकेतल्या व्याजाचं. मार्च २०२२ पर्यंत तिथला मुख्य व्याजदर जवळपास शून्य होता. जुलै २०२३ पर्यंत तो पाच टक्क्यांच्या वर गेला. आता बँकच बसल्या जागी पाच टक्के द्यायला लागली, तर दहा वर्षांनी मिळेल म्हणणाऱ्या नफ्यासाठी आज भरमसाठ किंमत कोण मोजेल? तंत्रज्ञान कंपन्यांची किंमत बरीचशी अशा लांबच्या नफ्यावर असते. म्हणून २०२२ या एका वर्षात नॅसडॅक हा तिथला तंत्रज्ञानाचा निर्देशांक सुमारे एक तृतीयांश खाली आला.

तिसरं वारं सरकारी निर्णयांचं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं. पुढच्या सोमवारी बाजार उघडला, तेव्हा आपल्या आयटी कंपन्यांचे शेअर घसरले. कंपन्यांच्या कामात त्या शनिवार-रविवारी काहीच बदललं नव्हतं.

आणि चौथं वारं एआयचं. ते दोन्ही बाजूंनी वाहतं. २७ जानेवारी २०२५ ची गोष्ट घ्या. डीपसीक नावाच्या चिनी कंपनीने कमी खर्चात एआय बनवल्याची बातमी पसरली, आणि एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात १७ टक्के पडला. कंपनीची किंमत जवळपास ६०० अब्ज डॉलरने घटली. आपल्या रुपयांत ही रक्कम साधारण आपल्या केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अख्ख्या अर्थसंकल्पाएवढी होते. एका दिवसात! आणि पुढचंही ऐका. तीच कंपनी त्याच वर्षी जुलैत चार लाख कोटी डॉलर किमतीची, जगातली पहिली कंपनी झाली. ज्यांनी जानेवारीत घाबरून विकला, त्यांचं नुकसान झालं. याचा अर्थ पडलेला प्रत्येक शेअर उठतो, असाही नाही. अर्थ एवढाच, की अशा हेलकाव्यात ज्याला उद्याच्या फीचे पैसे काढायचे आहेत, तो मरतो. ज्याला थांबता येतं, त्याला विचार करायला वेळ मिळतो.

इकडे टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करायचं जाहीर केलं. ज्या घरातला पगार आयटीतून येतो, त्याच घराची सगळी शिल्लकही आयटीच्या शेअरमध्ये असेल, तर वाईट दिवस दोन्हीकडून एकदमच येतात. हिंजवडीत मुलगा असलेल्या आयांनी हे जरूर लक्षात ठेवा.

बरं, आता पारख. म्हैस घ्यायला आपण बाजारात जातो तेव्हा काय बघतो? तसेच इथे पाच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, दूध कुणाला जातं? म्हणजे कंपनीचं गिऱ्हाईक कोण? ही कंपनी नेमकं काय विकते आणि पैसे कुणाकडून घेते, हे आपल्याला शेजारणीला चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर तो शेअर आपल्यासाठी नाही. सगळं दूध एकाच हॉटेलला जात असेल, तर हॉटेल बंद पडल्यावर काय? तसं कंपनीचं उत्पन्न एकाच देशावर, एकदोन गिऱ्हाइकांवर किती अवलंबून आहे, हे तिच्या वार्षिक अहवालात लिहिलेलं असतं. घरातल्या शिकलेल्या मुलीला वाचून दाखवायला सांगा.

दुसरा प्रश्न, दुधाच्या मानाने किंमत किती? समजा एका शेअरची किंमत १,५०० रुपये आहे आणि कंपनी वर्षाला शेअरमागे ६० रुपये नफा कमावते. पंधराशेला साठने भागा. आले पंचवीस. म्हणजे आजच्या नफ्याने आपली किंमत वसूल व्हायला पंचवीस वर्षं. याला बाजारात पीई म्हणतात. हा आकडा त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीशी ताडून बघा. आकडा ऐंशी-शंभर असेल, तर पुढची सगळी वाढ आजच किमतीत धरलेली आहे, असं समजा. आणि नफाच नसेल, तर भागाकारच होत नाही. पेटीएमचं बघा. गावागावात लोक वापरतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचा शेअर २,१५० रुपयांना विकायला आला. तेव्हा कंपनी तोट्यात होती. बाजारात आल्या दिवशीच तो २७ टक्के खाली बंद झाला. वस्तू चांगली असणं वेगळं आणि किंमत योग्य असणं वेगळं. म्हैस गुणी असली, तरी दुप्पट पैसे मोजले तर सौदा तोट्याचाच.

तिसरा प्रश्न, पुढची वेतं किती? आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या घरात पहिला मोबाईल नोकियाचा होता. २००७ च्या सुमाराला जगात विकल्या जाणाऱ्या दर तीन फोनांत एकाहून जास्त नोकियाचा असायचा. त्याच वर्षी आयफोन आला, मागोमाग अँड्रॉइड आलं, आणि २०१४ पर्यंत नोकियाने आपला मोबाईलचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकून टाकलेला होता. सात वर्षं फक्त. पीठगिरणीचा धंदा सात वर्षांत सहसा बदलत नाही, तंत्रज्ञानाचा बदलतो. म्हणून आज पहिल्या नंबरवर कोण, एवढंच बघून चालत नाही. नवीन काही आलं तर ही कंपनी शिकणार की बसणार, हे बघायचं.

चौथा प्रश्न, वही खरी आहे का? ७ जानेवारी २००९ ला सत्यम या मोठ्या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं, की कंपनीच्या पुस्तकांत दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रक्कम प्रत्यक्षात नाहीच. त्या एका दिवसात शेअरची किंमत चार भागांत एक भागही उरली नाही. मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण काय करतो? सचिवाने वही वाचली, तरी पासबुकाशी ताळा जमल्याशिवाय सही करत नाही. तोच संशयी डोळा इथे ठेवा. मालकांनी आपले स्वतःचे शेअर गहाण ठेवलेत का? हिशोब तपासनीस मध्येच सोडून गेला का? नफा दिसतो, पण रोकड दिसत नाही, असं आहे का? यातलं एक जरी दिसलं, तरी पुढे जा, दुसरं दुकान बघा.

पाचवा प्रश्न कंपनीला नाही, स्वतःला विचारायचा. मी किती दिवस थांबू शकते? नॅसडॅक १० मार्च २००० ला ५,०४८ वर होता. ऑक्टोबर २००२ पर्यंत तो अकराशेच्या आसपास आला. जुन्या शिखराच्या वर परत बंद व्हायला २३ एप्रिल २०१५ उजाडावा लागला. त्या शिखरावर जन्मलेलं पोर तोवर दहावीला पोचलं. शिवाय एक साधा हिशोब लक्षात असू द्या. हजाराचे पाचशे व्हायला पन्नास टक्के पडावं लागतं, पण पाचशेचे हजार व्हायला शंभर टक्के चढावं लागतं.

तुम्ही म्हणाल, मग इन्फोसिसचं काय? खरं आहे. १९८१ साली पुण्यात सात जणांनी ती सुरू केली, सुधा मूर्तींनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर. १९९३ मध्ये शेअर ९५ रुपयांना विकायला आला, तेव्हा लोकांनी फारशी उडी घेतली नाही. ज्यांनी तेव्हा शंभर शेअर घेऊन आजवर धरून ठेवले, ते कोट्यधीश झाले. पण त्याच काळात डीएसक्यू सॉफ्टवेअर, सिल्व्हरलाइन, पेंटामीडिया हेही नावाजलेले शेअर होते. त्यांची नावं आज कुणी घेत नाही. जत्रेत कुस्ती जिंकणाऱ्याचीच मिरवणूक निघते, हरलेले गुपचूप घरी जातात. बाजाराच्या गोष्टीही अशाच जिंकणाऱ्यांच्या असतात.

मग करायचं काय? ज्यांना हे पाच प्रश्न विचारायला वेळ नाही, त्यांनी एकेक शेअर निवडूच नये, असं आम्हाला वाटतं. निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात देशातल्या मोठ्या पन्नास कंपन्यांचा थोडाथोडा वाटा मिळतो, आणि त्यात आयटी कंपन्या आपोआप येतात. दरमहा २५० रुपयांची एसआयपीही आता काही फंडांत मिळते. तिथेही वर-खाली होतंच, पण एका कंपनीच्या बुडण्याने आपण बुडत नाही. आणि ज्यांना शेअर निवडायची हौस आहे, त्यांनी दहा रुपयांतला एखादाच रुपया त्यात घालावा. थोडा थोडा, सहा-आठ महिन्यांत विभागून. मिरचीचं बी सगळ्या रानात एकदम टाकतो का आपण?

आता एक कडू गोष्ट. डिमॅट खातं बाईच्या नावाचं, आणि मोबाईल मात्र दिराच्या नाहीतर मुलाच्या हातात, असं बऱ्याच घरांत दिसतं. ओटीपी आला की बाई वाचून दाखवते. त्या खात्यावर फ्युचर-ऑप्शनचे सौदे चालतात, तोटा होतो, आणि कागदावर नाव बाईचं. सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलंय, की तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी दोन लाखांच्या आसपास. ही गुंतवणूक नाही, हा पत्त्यांचा डाव आहे. तेव्हा खातं आपलं, तर मोबाईल नंबर आपला, ओटीपी आपला, वारसाचं नाव आपण ठरवलेलं. "तुला काय कळतं त्यातलं," असं कुणी म्हणालं, तर म्हणा, "कळत नाही तोवर सौदाही नको." चार लाखांपर्यंतचे शेअर असतील, तर बेसिक सर्व्हिसेस डिमॅट खात्याला वार्षिक शुल्क लागत नाही. खातं उघडतानाच ते मागून घ्या.

आणि फसवणूक. व्हॉट्सॲपवर अनोळखी ग्रुपमध्ये जोडतात. एखादे 'सर' रोज एआयच्या शेअरची टिप देतात. ग्रुपमधले बाकीचे नफ्याचे फोटो टाकतात, आणि ती माणसंही त्यांचीच असतात. मग एक ॲप उतरवायला लावतात. त्यात दोन हजाराचे आठ हजार झालेले दिसतात. काढायला गेलं, की आधी 'टॅक्स' भरा म्हणतात. मैत्रिणींनो, शेअरमध्ये खात्रीचा परतावा कुणीच देऊ शकत नाही. खात्रीचा शब्द ऐकला की फोन ठेवा. फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा. जितकी लवकर कराल, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. दलाल किंवा सल्लागार खरा आहे का, हे विचारायला सेबीचा मोफत नंबर आहे, १८०० २६६ ७५७५.

येत्या बैठकीसाठी एक काम देतो. प्रत्येक गटाने एक तंत्रज्ञानाची कंपनी निवडायची, पण एक रुपयाही घालायचा नाही. वहीच्या शेवटच्या पानावर आजचा भाव लिहायचा. पाच प्रश्नांची उत्तरं लिहायची. दर महिन्याच्या बैठकीत भाव लिहायचा, आणि तो का वाढला किंवा पडला, हे जिला कळलं तिने सांगायचं. असं वर्षभर करा. वर्षाने तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, हे आपल्याला जमेल. काही म्हणतील, नको, आपली शेळीच बरी. दोन्ही उत्तरं बरोबरच असतील, कारण ती तुम्ही स्वतः बघून, स्वतःच्या अकलेने दिलेली असतील. कुणी ढकललं म्हणून शेअर घ्यायचा नाही, तसंच कुणी भीती घातली म्हणून सोडायचाही नाही.

तुमच्या वहीत काय काय लिहिलं गेलं, ते आम्हाला जरूर कळवा.